कालुंदर भांडतो तेव्हा

कालुंदर हा गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या खाड्यांचा आणि खाजनांचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींचा, ओळखीचा मासा. उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा आणि मधल्या मांद्रे-मोरजी पट्ट्यातले ओहोळ, अशा गोडे-खारे पाणी मिसळणाऱ्या जागा त्याला मानवतात. एट्रोप्लस सुराटेन्सिस हे त्याचे शास्त्रीय नाव. तो सिक्लिड कुळातला. या कुळाच्या भारतातल्या मूळ जाती तीनच. हिरवट अंग आणि त्यावरचे चमकदार ठिपके पाहून हौशी माणसे त्याला फिश टँकमध्ये आणतात, आणि काही दिवसांत टाकीत मारामारी सुरू होते.

हा मासा मुळात खुनशी नाही. विणीच्या वेळी नर-मादी मिळून दगड किंवा बुडालेले लाकूड साफ करतात, त्यावर अंडी चिकटवतात आणि दोघेही राखण करतात. परका जवळ आला की पर ताठ होतात, रंग गडद होतो, शेपटीचे फटकारे बसतात. बहुतेक वेळा एवढ्यावरच दुबळा मासा माघार घेतो. खाजनात त्याला पळायला मोकळे पाणी असते, तीन फुटी टाकीत मात्र समोर काच येते. हरलेला मासा हद्दीबाहेर जातच नाही, म्हणून जिंकलेला त्याला पुन्हा पुन्हा मारत राहतो. टाकीतल्या बहुतेक जखमांचे मूळ इथे आहे.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी आक्रमकतेवरच्या 1963 सालच्या पुस्तकात प्रवाळातल्या माशांविषयी लिहिले, की मासा सर्वांत जास्त तुटून पडतो तो स्वजातीयावर. खाणे तेच, जागा तीच, जोडीदारही तोच हवा, म्हणून स्पर्धाही त्याच्याशीच. त्यामुळे कालुंदरांची एकच जोडी आणि तिसरा कालुंदर, ही मांडणी सर्वांत वाईट. तिसऱ्याच्या वाट्याला सगळा मार येतो. मोठ्या टाकीत लहान वयाची पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवली, तर मार वाटला जातो.

जखम किती गंभीर हे रक्तावरून ठरवू नये. खवला निघाला की त्यावरचा बुळबुळीत थरही जातो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. उघड्या जागेतून पाणी आत शिरते, क्षार बाहेर जातात आणि हा तोल सांभाळण्यात माशाची शक्ती खर्च होते. शिवाय सतत मार खाणाऱ्या माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, रोगप्रतिकारशक्ती घटते. मग जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. तोंडाभोवतीचा तसाच पांढरा थर मात्र अनेकदा बुरशीचा नसून फ्लॅव्होबॅक्टेरियम या जिवाणूचा असतो, आणि तो उबदार पाण्यात झपाट्याने पसरतो. थंड देशांतल्या पुस्तकांत आजारी माशासाठी पाणी तापवण्याचा सल्ला आढळतो. गोव्यात एप्रिल-मेमध्ये पाणी आधीच कोमट असते. तिथे हीटर लावणे घातकच.

पहिला उपाय म्हणजे जखमी मासा वेगळ्या टाकीत हलवणे. उघडी जखम दिसली की इतर मासेही तिला टोचू लागतात. वेगळ्या टाकीत लपायला एखादे मडके, हवेचा पंप आणि मंद उजेड पुरे. रोज पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घालावे. अमोनिया वाढला तर कोणतेही औषध उपयोगी पडत नाही.

लिटरला 1 ते 3 ग्रॅम मीठ क्षारांची गळती कमी करते. पेडण्यातल्याच आगरवाड्याच्या मिठागरांतले जाड मीठ यासाठी चालते. ते आधी भांड्यात विरघळवून थोडे थोडे घालावे. कालुंदर निमखाऱ्या पाण्यातला असल्याने त्याला ते सहज सोसते, बिनखवल्यांच्या माशांना मात्र त्रास होऊ शकतो. बुरशीवरचे मेथिलीन ब्ल्यू हे औषध मुख्य टाकीत घालू नये, कारण फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू त्याने मरतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविके देणेही टाळावे.

निसर्गात या माशाला एक मदतनीस असतो. नारिंगी रंगाचा स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस (पूर्वीचे नाव एट्रोप्लस मॅक्युलेटस) हा त्याचाच लहान भाऊबंद त्याच्या अंगावरचे परजीवी आणि परांवरची बुरशी टिपून खातो, असे वायमन आणि वॉर्ड या संशोधकांनी 1972 साली नोंदवले. कालुंदर त्या वेळी स्थिर उभा राहून त्याला काम करू देतो.

पराचे बूड शाबूत असेल तर फाटलेला पर काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. खवलेही नवे येतात. मासा बरा झाला तरी त्याला तसाच परत सोडू नये. आधी टाकीतले दगड-लाकूड हलवून मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. मग दिवा मालवून मासा आत सोडावा. पहिल्या दिवशी पुन्हा पाठलाग दिसला, तर मध्ये जाळीचा पडदा घालून दोघांना कायमचे वेगळे ठेवावे.