बी कॉम्प्लेक्सची गोळी आणि आतड्याचा कॅन्सर

आपल्या भागातल्या औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जे हमखास मागितलं जातं, त्यात बी कॉम्प्लेक्सचा नंबर फार वरचा असावा. तोंड आलं, हातापायांना मुंग्या आल्या, थकवा वाटला, केस गळू लागले, की एक पट्टी घरी येते. आपण तिला ताकदीची गोळी म्हणतो, शेजारच्या अज्जी शक्ती गुळिगी म्हणतात. दोन्ही भाषांत समजूत एकच. जीवनसत्त्व आहे, घेतलं तर फायदाच, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल.

अलीकडे या समजुतीत एक भर पडली आहे. या गोळ्यांमुळे, विशेषतः त्यातल्या फोलिक ॲसिडमुळे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर टळतो म्हणे. मी डॉक्टर नाही, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पण एखादा आकडा दिसला की तो कुणाची कुणाशी तुलना करून काढला, हे विचारण्याची सवय या विषयानं लावली आहे. शिवाय घरातलंही कारण होतं. धारवाडच्या आमच्या भाऊजींच्या आतड्यातून दोन पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढणारे छोटे कोंब, दुर्बिणीनं काढले गेले. ते कॅन्सरचे नव्हते, पण असे कोंब वर्षानुवर्षं राहिले तर त्यातल्या काहींचा कॅन्सर होऊ शकतो. कुणीतरी सांगितलं म्हणून जाऊबाईंनी त्यांना रोज पाच मिलिग्रॅमची फोलिक ॲसिडची गोळी सुरू केली. मग फोनवर मला विचारलं, "अगं, तू वाचतेस एवढं, बघून सांग, ही गुळिगी चालू ठेवू का?"

म्हणून वाचत गेले, आणि पहिलाच धागा निघाला तो मुंबईचा. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचा ती शोध घेत होती. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थानं त्या बायका बऱ्या होतात, हे तिनं १९३१ मध्ये जगाला सांगितलं. त्यात नेमकं काय होतं ते मागाहून कळलं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. पुढे ते कारखान्यात बनवण्याच्या कामातलं एक मोठं नाव आंध्रातल्या भीमावरमच्या एल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं.

याच सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून गोष्टीची दुसरी बाजू पुढे आली. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांवर उपचार करत होते. फोलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं दिल्यावर काही मुलांचा आजार उलट वेगानं वाढतोय, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी उलटा विचार केला. फोलिक ॲसिडचं काम अडवणारं औषध सुब्बारावांच्या लोकांनी बनवलं, आणि काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटला. हे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं. आजही वापरात असलेलं मेथोट्रेक्सेट त्याच कुळातलं.

पेशी दुप्पट होताना तिला डीएनएची नवी प्रत बनवावी लागते, आणि त्या कामाला फोलेट लागतं. ते कमी पडलं तर प्रतीत चुका होतात, आणि अशा चुका साठत गेल्या तर त्यातून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते. म्हणजे निरोगी माणसाला ते पुरेसं मिळालंच पाहिजे. पण आधीच बिघडलेली पेशी वाढू लागली असेल तर तिलाही तेच हवं असतं. शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. शेतात तण उगवलं असताना टाकलेलं खत फक्त पिकालाच लागत नाही.

आता आकडे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ८९ हजार परिचारिकांच्या पाहणीतून असं दिसलं, की ज्यांनी फोलिक ॲसिड असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या १५ वर्षांहून अधिक काळ घेतल्या, त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर बराच कमी झाला. आशा वाढली ती अशा पाहण्यांमुळे. पण इथे माझ्यातली मास्तरीण जागी होते. नियमानं गोळ्या घेणारी बाई बहुधा फिरायलाही जाते, भाजीही खाते, वेळेवर तपासणीही करते. फायदा गोळीचा की त्या वागण्याचा, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करावे लागतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ.

तसा प्रयोग भाऊजींसारख्याच, म्हणजे पॉलिप काढलेल्या, १,०२१ लोकांवर झाला. रोज एक मिलिग्रॅम फोलिक ॲसिड. २००७ मध्ये निकाल आला. पॉलिप पुन्हा होणं थांबलं नाहीच. उलट पुढच्या टप्प्यातल्या तपासणीत तीन किंवा अधिक पॉलिप सापडण्याचं प्रमाण खरी गोळी घेणाऱ्यांत ९.९ टक्के आणि पोकळ गोळीवाल्यांत ४.३ टक्के निघालं. २०१३ मध्ये अशा १३ प्रयोगांतल्या जवळजवळ ५० हजार लोकांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा मात्र आतड्याच्या कॅन्सरवर ठळक परिणाम दिसला नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. नंतर हॉलंडमध्ये हाडं मोडू नयेत म्हणून वयस्कर लोकांना दोन वर्षं फोलिक ॲसिड आणि बी १२ दिलं होतं. त्यांच्यावर पुढे लक्ष ठेवलं असता, २०१९ च्या निष्कर्षांनुसार, गोळीवाल्यांपैकी ३.४ टक्के जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, दुसऱ्या गटात २ टक्के जणांना. फरक थोड्या माणसांचा आहे, त्यावरून घाबरून जाऊ नये. पण कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून गोळी घ्यावी, असं या प्रयोगांतला एकही आकडा सांगत नाही.

मात्र हे वाचून कुणी सुनेच्या किंवा लेकीच्या गोळ्या बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती. दिवस राहण्याआधीपासून घेतलेलं फोलिक ॲसिड बाळाच्या मणक्याचे जन्मजात दोष टाळतं, हे १९९१ च्या मोठ्या प्रयोगात निर्विवाद सिद्ध झालं आहे. बी १२ ची गोष्टही वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात ग्रामीण गरोदर बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत बी १२ कमी होतं, फोलेट मात्र जवळजवळ कुणाचंच कमी नव्हतं. शाकाहारी घरात बी १२ कमी पडतं, ते तपासून भरून काढावं लागतं. ते कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. आणि मुंग्यांसाठी जे बी ६ घेतात, तेच भरमसाट आणि दीर्घकाळ घेतलं तर स्वतःच मुंग्या आणतं!

प्रौढ पुरुषाची फोलेटची रोजची गरज भारतीय शिफारशीप्रमाणे ३०० मायक्रोग्रॅम. पाच मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या सोळापटींहून जास्त. मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत ते भरपूर असतं. ज्वारीची भाकरी, मोडाच्या काळाची पल्या आणि पालेभाजी हे आपलं साधं ताट या बाबतीत काही गरीब नाही. फक्त पालेभाजी उकळून पाणी ओतून देऊ नये, फोलेट त्या पाण्याबरोबर जातं.

जाऊबाईंना मी हे सगळं सांगितलं आणि गोळीची पट्टी घेऊन भाऊजींच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं. फोलेट व्यवस्थित होतं, बी १२ कमी होतं. पाच मिलिग्रॅमची गोळी बंद झाली, बी १२ सुरू झालं, आणि पुढच्या दुर्बिणीच्या तपासणीची तारीख ठरली. जाऊबाईंनी ती कन्नड कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे. "गुळिगी विसरली तर चालेल, ही तारीख नाही," असं डॉक्टरांनी बजावलं आहे. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते इथे मुद्दाम देते. संडासवाटे रक्त जात असेल, किंवा पोटाची रोजची सवय काही आठवडे बदललेली असेल, तर मूळव्याध समजून घरगुती औषध करत बसू नका, चाळिशीनंतर तर नाहीच. लाजेपायी वर्ष घालवून मग येणारे पेशंट त्यांना दर महिन्याला दिसतात.