भट्टी गावाची, माप घरचं

उमापूरच्या घराघरांत चूल होती, चुलीला वैल होता, हिवाळ्यात शेताच्या बांधावर हुरड्याची आगटी पेटायची. भट्टी मात्र कुणाच्याच घरात नव्हती. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याच्या कडेचं हे गाव. पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातला शेवगाव तालुका लागतो. बाजरी, कापूस आणि तुरीचा हा पट्टा. ओव्हन इथे आले ते फार उशिरा. पण पीठ मळायचं, त्याला आकार द्यायचा आणि कोरड्या आचेत खरपूस भाजून काढायचं, ही कला इथल्या बायकांना ओव्हनच्या कितीतरी आधीपासून अवगत आहे. फक्त ती एकटीनं, आपल्या ओट्याशी उभं राहून करायची नव्हती. आच एकाची, पीठ दुसरीचं, हात चौघींचे, असा तो मामला होता. म्हणून या भाजण्याच्या आठवणी सांगायला बसलं की पदार्थाआधी माणसंच आठवतात.

यातला सगळ्यात जुना पदार्थ रोडगा. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाचं नवरात्र उठतं. ज्या घरांत चातुर्मासात वांगं आणि कांदा वर्ज्य असतो, तिथे त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा नैवेद्याला हवाच. तळी भरली जाते, भंडारा उधळला जातो, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ होतं आणि मग पंगत. खरिपाची बाजरी तोवर घरात आलेली असते, वांगी भरात असतात. देवाचा नैवेद्य आणि शेतातला हंगाम असे जुळून येतात. पैठण इथून फार लांब नाही. तिथल्या एकनाथांच्या एका भारुडात भवानीआईला रोडग्याचाच नवस बोलला आहे. म्हणजे सोळाव्या शतकातही देवीला काय द्यायचं म्हटलं, तर गरिबाच्या घरातलं हे भाजलेलं पीठच आठवत होतं.

शेतात गडीमाणसांसह जेवण असलं, नवस फेडायचा असला, की गव्हाचे रोडगे होतात. त्यांची रीत बारकाईनं बघण्यासारखी आहे. गहू जाडसर दळून आणायचा, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचा. जाड पोळी लाटून तिला तेल लावायचं, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि सगळ्या मिळून गोळा वळायचा. तोवर एकीकडे गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. घाई करणाऱ्याचा रोडगा इथेच बिघडतो. धूर पूर्ण जायला हवा, ज्वाळा बसायला हवी, गोवरी आतून लाल आणि वरून राखाडी दिसायला हवी. मग गोळे विस्तवावर ठेवून सगळ्या बाजूंनी फिरवायचे आणि कवच धरलं की गरम राखेत पुरायचे. राख आच एकदम लागू देत नाही, पण धरून ठेवते. त्यामुळे मधला पदर शिजेपर्यंत वरचा करपत नाही. गोळा तडकला की झाला. धडप्यात धरून राख झटकायची, फोडायचा, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची रस्साभाजी नाहीतर वरण. विस्तवाजवळ बसायचं काम बहुधा घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे असायचं. त्याला घड्याळ लागत नव्हतं, आणि पोरांना गोष्टी सांगायला तेवढा वेळ आयताच मिळायचा.

दुसरा मार्ग बेकरीच्या भट्टीचा, आणि तो दिवाळीचा. चकली, शंकरपाळी, करंज्या घरच्या कढईत व्हायच्या, पण नानखटाई आणि बिस्किटं तालुक्याच्या गावी, बेकरीवर जाऊन भाजून आणायची. नुसत्या मराठवाड्यातच नव्हे, महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत ही रीत होती आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. घरून मैदा, तूप, साखर न्यायची. बेकरीवाला परात, पत्र्याचे ट्रे आणि आच देणार. किलोमागे भाजणावळ ठरलेली. बीड जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि या भागात बेकरीचं काम बरंचसं मुसलमान कारागिरांच्या हाती राहिलं. औरंगाबादच्या नान-खलियातला पिवळसर नान, हैदराबादचं उस्मानिया बिस्किट, ही सगळी याच मुलखातली भाजण्याची विद्या. रमजानच्या दिवसांत जी भट्टी रात्री उशिरापर्यंत तापलेली असायची, तिच्याचसमोर दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या नानखटाईची रांग लागायची. माझ्या लेखी या प्रदेशाच्या इतिहासात या रांगेची नोंद व्हायला हवी.

विटांची जुनी भट्टी कशी चालते हे पाहिलं की रांग दुपारी किंवा रात्रीच का लागायची ते कळतं. आत लाकडं जाळून विटा तापवायच्या, मग विस्तव बाजूला सारायचा. पुढचं भाजणं होतं ते विटांनी साठवलेल्या उष्णतेवर. पावाला 220 अंशांच्या वर आच लागते, म्हणून पाव आधी. नानखटाईला 160 ते 180 अंश पुरतात, त्यामुळे पावाचा घाणा निघाल्यावर, भट्टी उतरत्या आचेवर आली की आपली पाळी. कारागीर कागदाचा कपटा किंवा चिमूटभर मैदा आत टाकतो, तो किती वेळात तांबूस होतो ते पाहतो आणि मान हलवतो. मग लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं ट्रे आत सरकतात.

तोवर परातीत आपलं काम सुरू असतं. आमच्या घरी तूप फेसायचं काम आजीनं कधी कुणाला दिलं नाही. तळहाताच्या टाचेनं तूप परातीत घासायचं, त्यात पिठीसाखर मिसळायची, पुन्हा घासायचं, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. झालं की नाही हे पाहायला त्यातला कण वाटीतल्या पाण्यात टाकायचा. तरंगला तर त्यात हवा भरली, बुडाला तर अजून हात चालवायचा. मग मैदा, थोडा रवा, थोडं बेसन, वेलची, जायफळ, दह्यात कालवलेला खायचा सोडा. पाण्याचा थेंब नाही. तुपानं मैद्याचा कण न् कण माखला की पिठाला चिवटपणा येत नाही, म्हणून नानखटाई तोंडात विरघळते. आणि ओलावा नसल्यामुळे डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकते. दही सोड्याला जागं करतं आणि वर भेगा पडतात. भेगा न पडलेली नानखटाई आजीच्या मते भाजलेलीच नसायची. बेकरीवाले स्वतःच्या बिस्किटांत अमोनिया घालत. तापल्यावर त्याचा पुरता वायू होऊन जातो आणि बिस्किट खुसखुशीत होतं. घरच्या बायकांना मात्र सोडाच भरवशाचा वाटायचा.

नानखटाईचं मूळ घर सुरत मानलं जातं. डच व्यापाऱ्यांच्या काळातली बेकरी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि तिथून ही खटाई पसरली, अशी परंपरेनं सांगितलेली हकीकत आहे. आपल्याकडे ती घरोघरी पोचली त्याचं एक कारण डालडा. 1937 साली बाजारात आलेल्या या वनस्पती तुपानं साजूक तूप न परवडणाऱ्या घरांनाही दिवाळीत डबाभर नानखटाई करता आली. आज त्याच तुपाकडे आपण वेगळ्या नजरेनं पाहतो, आणि ते योग्यच आहे. जानेवारी 2022 पासून देशात खाद्यतेलं आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तरी ज्यांची जीभ डालड्यावर वाढली, त्यांना साजूक तुपाची नानखटाई ‘आपली’ वाटत नाही, आणि त्यांचंही मला पटतं. आठवण चवीला चिकटलेली असते, आणि लहानपणीची चव कोणी निवडून घेतलेली नसते.

एका भट्टीवर दहा घरांचे ट्रे गेले की कुणाची नानखटाई कोणती हा प्रश्न येतोच. उत्तर प्रत्येक घरानं आपापलं काढलेलं होतं. कुणी चारोळी टोचायचं, कुणी बदामाचा काप, कुणी काटाचमच्यानं रेघा ओढायचं, कुणी अंगठ्यानं खोलगट खूण करायचं. इटलीतल्या मातेरा गावात हेच काम लाकडी शिक्के करत. गावच्या सामाईक भट्टीत पाव जाण्याआधी प्रत्येक कुटुंब आपल्या अक्षरांचा कोरीव शिक्का त्यावर उमटवायचं. मोरोक्कोच्या जुन्या गल्ल्यांमधून आजही पोरं घरी मळलेला पाव फळीवर घेऊन मोहल्ल्याच्या भट्टीवर जातात. इतक्या लांबची ही माणसं आपल्या बायकांना भेटली असती तर त्यांना एकमेकांचं काम समजावून सांगावं लागलं नसतं.

या खुणांचा खरा अर्थ मला आजी गेली त्या दिवाळीत कळला. दुखवट्याच्या वर्षी घरात कढई चढत नाही. शेजारपाजारचे, भाऊबंद फराळ आणून देतात. आमच्याकडेही डबे आले. आईनं एकेक झाकण उघडलं आणि कुठलं कुणाचं हे तिनं विचारलंही नाही. चारोळी पाहून ती म्हणाली, ‘ही वरच्या आळीतल्या काकूंची.’ अंगठ्याची खूण पाहून म्हणाली, ‘ही मामीची, तिचा अंगठा एवढा खोल जातो.’ एका डब्यातल्या नानखटाईवर आजी करायची तशा तीन रेघा होत्या. शेजारची सून तूप फेसायला आजीकडूनच शिकली होती, आणि हात तसाच पडला होता. आई तो डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसली.

दिवाळी या भागात निरोपाचीही वेळ असते. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाला ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात; दसरा-दिवाळीच्या मागेपुढे ट्रक भरू लागतात. कोयता, अंथरूण, पिठाच्या पोत्यांसोबत नातवंडांसाठी काही टिकाऊ खाऊ बांधून द्यायचा, तर भट्टीवरची बिस्किटं सोयीची. फडावर, पालापुढच्या तीन दगडांच्या चुलीवर भाकरी रोज होते. ती तव्यावरून उतरवून निखाऱ्यासमोर उभी केली की फुगते. ते भाजणंही तितकंच कसबाचं आहे, आणि ते करणारी बाई पहाटे अंधारात उठलेली असते हे विसरून भाकरीचं कौतुक करू नये.

भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी हौसेनं गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घेतला, त्यांनाही अखेर भट्टीच गाठावी लागली. नंतर कुकरची शिट्टी-रिंग काढून, तळाला मीठ किंवा वाळू पसरून भाजायची युक्ती आली. आता ओटीजीही दिसतात. लाकडाच्या भट्ट्यांचेही दिवस पालटताहेत. मुंबईत उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराच्या हवेसाठी ते गरजेचंच होतं. धूर भट्टीसमोर उभ्या कारागिराच्या छातीतही जातो. इंधन बदललं म्हणून रीत मोडेल असं मला वाटत नाही. रीत मोडेल ती माप हरवल्यामुळे.

कारण ही मापं कुठेही लिहिलेली नाहीत. दशमान पद्धत साठच्या दशकाच्या सुरुवातीला देशभर सक्तीची झाली, तरी घरातलं पितळी चिपटं आणि मापटं तसंच राहिलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आजीची नानखटाई म्हणजे इतकी मापटी मैदा आणि इतकी चिपटी तूप, आणि तिची रोडग्याची कणीकही त्याच भांड्यावर. ते भांडं मोडीत गेलं की नुसता आकडा लक्षात राहून उपयोग नाही. म्हणून या दिवाळीत एक काम करावं. घरातलं जुनं माप फडताळातून काढून त्यात मैदा, साखर, तूप, बाजरीचं पीठ वेगवेगळं भरावं, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये करावं आणि वहीत उतरवावं. भांडं कुणाचं, त्यावर नाव कुणाचं कोरलंय, आपल्या घरची खूण कोणती, हेही लिहावं. एकाच मापात मैदा आणि साखर सारख्या वजनाची भरत नाहीत, म्हणून हे प्रत्येक जिनसाचं निरनिराळं करायचं. आणि माप शिगोशीग भरायचं की वरून हात फिरवून सपाट करायचं, हे घरातल्या जाणत्या बाईला विचारूनच ठरवायचं. आमच्याकडे मैदा शिगोशीग असतो, तूप सपाट.