लिंबायत ते प्रकाशे : पाठीवर पडशी टाकून

आमच्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सुरतेचे नाव निघाले की बोलणे बहुधा १६६४ च्या स्वारीकडे वळते, नाहीतर घारी आणि सुतरफेणीकडे. सुरतेत आज मराठी माणूस कोठे भेटेल, असे विचारले तर निम्मी मंडळी गप्प बसतील. तो भेटतो लिंबायतेत. नीलगिरी मैदानाच्या आसपासच्या गल्ल्यांतून सायंकाळी फिरावे. कानांवर अहिराणी पडते, भरिताची वांगी आणि कळण्याचे पीठ दुकानात मिळते, आणि 'कसा शेस?' या प्रश्नास गुजराथीत उत्तर देणारा मुलगाही घरात आईशी खानदेशीच बोलतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून लूमच्या कामासाठी आलेल्या माणसांनी ही वस्ती भरली. आपण दरबारच्या चाकरीला आलो, ही मंडळी धोट्याच्या मागे आली. एवढ्यावरून आपण त्यांच्याकडे जरा दुरूनच पाहतो, असे मला वाटते.

माझे आजोळ तापीकाठी, प्रकाशाच्या बाजूस. माझे मामेभाऊ, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, गेली चाळीस वर्षे लिंबायतेत आहेत. तरुणपणी ते लूमच्या खात्यात रात्रपाळी करीत. आता त्यांची मुले करतात. श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, "कानबाईला गावी जाऊ. पण या खेपेस थोडे पायी जाऊ." मला आश्चर्य वाटले ते गावी जाण्याचे. गावी त्यांचे धाकटे भाऊ आबा. शेताच्या वाटणीवरून दोघांत अकरा वर्षे बोलणे नव्हते.

एकेक पडशी पाठीवर टाकून बुधवारी पहाटे आम्ही उधन्यास गाडी धरली. हल्लीची मुले अशाच पिशव्या घेऊन हिमाचलात जातात. त्यांनी एकदा श्रावणात हा ताप्ती लाइनचा रस्ता पाहावा. बारडोलीपर्यंत ऊसच ऊस. व्यारा सोडले की डोंगर जवळ येतात, आणि सोनगडापासून सागाचे रान सुरू होते. श्रावणात साग फुलतो हे पुष्कळांच्या ध्यानीही नसते. हिरव्या माथ्यावर पांढुरका तुरा येतो आणि दुरून सारा डोंगर धुरकट दिसतो.

सोनगडास आम्ही उतरलो, कारण बडोदेकराने तेथे न उतरणे बरे नव्हे. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ साली येथे ठाणे केले; दमाजीरावांनी १७३४ मध्ये बडोदे कायमचे घेतले. म्हणजे आपल्या गादीचे मूळ घर हे. किल्ला पायी चढता येतो. पावसाने पायऱ्या निसरड्या झालेल्या, तटाच्या फटींतून गवत वाढलेले. वर पोहोचलो आणि खाली उकाईचा जलाशय पसरलेला दिसला. १९७२ मध्ये हे धरण पुरे झाले. त्या पाण्याखाली कित्येक गावे आहेत. २००६ च्या ऑगस्टात तेथून सोडलेल्या पाण्याने सुरतही बुडाली. नाना बराच वेळ पाण्याकडे पाहत बसले. त्या पुराचे ते काही बोलले नाहीत. बोलले ते १९९४ चे.

त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची हूल उठली आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. नाना कशीबशी गाडी मिळवून नवापुरापर्यंत आले. पुढे डब्यात उभे राहवेना, म्हणून उतरून चालू लागले. गावी पोहोचल्यावर लोकांनी त्यांस वेशीत येऊ दिले नाही. लोकांचेही चुकले असे म्हणवत नाही, भीतीच तशी होती. आबांनी त्यांस शेतावरच्या झोपडीत ठेवले आणि बारा दिवस भाकरी स्वतः नेऊन दिली. शेजाऱ्यांनी आबांशीही बोलणे टाकले होते. "त्याच शेतावरून आम्ही भांडलो," नाना म्हणाले आणि पडशी उचलून उतरू लागले.

पायी चालायचे ते नवापुरापासूनच का, हे तेव्हा मला कळले.

नवापूर स्टेशनाची मौज सर्वश्रुत आहे. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि सीमा फलाटावरून गेली; अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. एका बाकाचेही दोन राज्यांत वाटप झाले आहे. नाना गुजरातच्या अर्ध्यावर बसले, मला महाराष्ट्रात बसविले, आणि चहा मागविला.

तेथून चिंचपाडा, खांडबारा असे दोन दिवस आम्ही चाललो. भाताची लावणी उरकत आली होती. मावची बायाबापड्या चिखलात वाकलेल्या. एकीने आमच्या पिशव्या पाहून कोणत्या देवाला चाललात म्हणून विचारले. नानांनी "घरना" एवढेच सांगितले. ओहोळ आला की जोडे हातात घ्यायचे, पाऊस आला की सागाखाली थांबायचे. २०२० च्या टाळेबंदीतही सुरतेहून पुष्कळ माणसे याच बाजूने पायी गेली. त्यांस हे रान कसे दिसले असेल, कोण जाणे. खांडबाऱ्यापुढे डोंगर मागे सरतात, जमीन काळी होते, कापूस आणि मिरची लागते. नंदुरबारास शिरीषकुमारच्या स्मारकापाशी घटकाभर थांबून आम्ही एस. टी. धरली.

शनिवारी दिवेलागणीस घर आले. आबा ओसरीवर होते. उठले, आत पाहून "पाणी आणा" म्हणाले, आणि नानांस "बठ" म्हणाले. एवढेच.

कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ धान्य घेण्याची रीत खानदेशात पुष्कळ घरांत आहे. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. अकरा वर्षे या दोन घरांचे रोट वेगळे होत होते. दळणाआधी वहिनी सूप घेऊन बसल्या, आबा गहू मोजू लागले. स्वतःची मूठ, मुलांच्या मुठी. मग हात थांबला. नानांकडे न पाहता त्यांनी विचारले, "लिंबायतला नातू झाला म्हणतात. नाव काय ठेवले?"

नानांनी नाव सांगितले. आबांनी एका घरातले सगळे मोजले, मग दुसऱ्या घरातले, आणि शेवटी नातवाची सव्वा मूठ सुपात टाकली.

रविवारी नथ घातलेला नारळ चौरंगावर बसला, गंगाफळाची भाजी आणि रोट झाले. शेताविषयी कोणी एक अक्षर काढले नाही. ते कागद अजून तसेच आहेत. सोमवारी विसर्जन आटोपून निघताना वहिनींनी फडक्यात बांधलेले रोट नानांच्या पडशीत घातले, लिंबायतच्या घरासाठी. मला निराळे बेसनाचे लाडू दिले. नंदुरबारास गाडी उभी होती. नानांनी ती पडशी वर फळीवर न ठेवता उधन्यापर्यंत मांडीवरच धरली.