पाचवी आज्ञा आणि आपले रस्ते



‘खून करू नको’ ही पाचवी आज्ञा आपण बालपणापासून शिकत आलो आहोत. परंतु वाहनाची किल्ली हाती घेताना ती आपणास किती वेळा आठवते? 19 जून 2007 रोजी व्हॅटिकनने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिलेल्या आहेत व त्यांत हीच आज्ञा पहिली आहे. वाहन हे सत्ता गाजविण्याचे साधन नव्हे, वाहन चालविण्याच्या स्थितीत नसलेल्यास प्रेमाने रोखावे, अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना आधार द्यावा, असेही तीत सांगितले आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा उपदेश दूरचा नाही. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, यवतमाळ-आर्णी मार्ग आणि वणी परिसरातील कोळशाच्या ट्रकांची वर्दळ आपण रोज पाहतो. कापसाच्या हंगामात अंधारात दिव्याविना चाललेला ट्रॅक्टर वा बैलगाडी मागून येणाऱ्यास वेळेवर दिसत नाही. त्यावर लाल परावर्तक पट्टी लावणे हे अल्प खर्चाचे, पण जीव वाचविणारे काम आहे.

जखमी मनुष्य रस्त्यावर पडलेला असताना आपण पोलिसांच्या चौकशीच्या भयाने पुढे निघून जातो. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर याजक व लेवी असेच पुढे गेले. थांबला तो शमरोनी (लूक 10:25-37). आज कायदाही थांबणाऱ्याच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली समाविष्ट झालेल्या कलम 134-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. 108 क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका येते. हे ठाऊक नसल्यामुळे कोणाचा प्राण जाऊ नये.

धर्मग्रामांत काय करता येईल? मिस्सानंतरच्या सूचनांत या कायद्याची माहिती द्यावी. युवकांनी परावर्तक पट्ट्या वाटाव्यात व प्रथमोपचार शिकून घ्यावेत. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सासाठी खेड्यांतून एकाच दुचाकीवर चौघे-पाचजण येतात. त्यांच्यासाठी सामायिक वाहनाची व्यवस्था करावी. आईवडिलांनी अल्पवयीन मुलांच्या हाती दुचाकी देऊ नये. मुलाने अपघात केल्यास पालकांना तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण त्याहून मोठी शिक्षा म्हणजे रिकामे झालेले घर.

नोव्हेंबर हा आपण मृतांच्या स्मरणार्थ पाळतो. त्याच महिन्याचा तिसरा रविवार जगभर रस्ते अपघातांतील बळींचा स्मरणदिन म्हणून पाळला जातो. त्या रविवारी आपल्या धर्मग्रामातील अशा मृतांची नावे वेदीसमोर वाचावीत व त्यांच्या घरी भेट द्यावी. ज्याच्या हातून अपघात घडला, तोही कदाचित आपल्याच बाकावर बसलेला असेल. त्यालाही क्षमेची वाट दाखवावी.

घरून निघताना क्रुसाची खूण करणे ही आपली सुंदर रीत आहे. त्याच हातांनी हेल्मेटचा पट्टाही बांधू या. परमेश्वर आपले जाणे-येणे सुरक्षित राखो.