शेवाळाचे गोत्र
विहिरीतल्या बुळबुळीत तंतूंना आपण शेवाळ म्हणतो आणि समुद्राच्या खडकांवरील पातळ हिरव्या पात्यांनाही. शास्त्रानेही दोन्ही हरित शैवालांत घातली. कारण दोहोंत हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ असते, आणि स्टार्च हरितलवकातच साठतो. रंगावर मात्र विसंबता येत नाही. कोकणात झाडांच्या सालीवर दिसणारे नारिंगी ट्रेंटेपोलिया हे हरित शैवालच. कॅरोटीनमुळे त्याचा हिरवा रंग झाकला जातो. उलट ‘नील-हरित शैवाल’ म्हणजे जीवाणू.

पुढे जनुकांच्या अभ्यासाने गोत्रच बदलले. विहिरीतला स्पायरोगायरा खडकावरच्या उल्व्हापेक्षा काठावरच्या आंब्याला जवळचा ठरला. जमिनीवरच्या साऱ्या वनस्पती त्याच्याच शाखेतल्या. म्हणून गावची विहीर बुजवली जाते, तेव्हा आंब्याच्या भाऊबंदांचे घर मोडले, असे मला वाटते.