हळदणकरांच्या घरातला उजेड

बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या मराठी बिऱ्हाडांत गावाकडची पाहुणेमंडळी आली की म्हैसूरची फेरी ठरलेलीच. दीडशे किलोमीटरचा रस्ता, राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वेळ उरलाच तर जगनमोहन पॅलेसचं कलादालन. तिथे एका चित्रापुढे सगळे थबकतात. एका हातात दिवा, ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा आणि खालून उजळलेला तरुणीचा चेहरा. ‘रविवर्म्याचं ना हे?’ हा प्रश्नही ठरलेलाच.

रविवर्मा 1906 साली वारले. हे चित्र 1945-46चं, सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्याचं नाव. त्याच वास्तूत रविवर्म्याची चित्रं टांगलेली असल्यामुळे गैरसमजाला खतपाणी मिळत असावं. पण हळदणकरांवर हा जरा अन्यायच.

हळदणकर सावंतवाडीचे, जन्म 1882चा. संस्थानाच्या मदतीने ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि 1908 साली त्यांनी ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ काढली. व्यक्तिचित्रणात त्यांचा हात बसलेला होताच, पण खरी हुकमत जलरंगांवर. मुलगा गजानन हळदणकरही चित्रकार झाला. घराण्याचा वारसा म्हटलं की आपण असा कुंचल्याचाच हिशेब मांडतो. या चित्रात मात्र वारसा कुंचल्यासमोर उभा आहे, कारण दिवा धरलेली ती तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता.

दिवाळीत दिवा घेतलेली लेक त्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी तिला तसंच उभं केलं. रोज काही तास, असं तीन दिवस.

चित्र जलरंगातलं. तैलरंगात चूक झाली तर वरून रंग चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे बहुतांशी कागदाचाच पांढरेपणा, तो आधीपासून राखावा लागतो. एकदा गडद झालेली जागा पुन्हा तशी उजळत नाही. इथे तर उजेड एकाच ज्योतीचा. हनुवटी, ओठ आणि नाकाचा शेंडा खालून उजळतात, बोटांच्या फटींतून लालसर झाक पाझरते, जांभळट साडी काठाकडून अंधारात विरते. चेहरा हुबेहूब आणणं ही व्यक्तिचित्रकाराची नित्याची कसोटी. हळदणकरांनी तिच्यावर उजेडाच्या हिशेबाची दुसरी कसोटी लादून घेतली आणि दोन्ही निभावल्या.

हळदणकर 1968 साली गेले. घराण्यातलं हे सर्वांत गाजलेलं व्यक्तिचित्र, पण चित्रकार कोण हे निम्म्या लोकांना ठाऊक नाही आणि चित्रातली व्यक्ती कोण हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक. लग्नानंतर गीता उपळेकर झालेल्या गीताबाई कोल्हापूरला राहत. 2018च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या 102व्या वर्षी त्या वारल्या, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव या चित्रासकट छापलं.