खिरापतीनंतरची रात्र : कोजागरीचा प्रौढ जागर आणि माजिवड्यातील गृहसंकुले

प्रस्तावना

मुंबई-ठाणे परिसरातील मोठ्या गृहसंकुलांना अलीकडच्या काळात हॅलोविनची, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळची, ओळख झाली आहे. मुखवटे लावलेली, चेहरे रंगवलेली लहान मुले लिफ्टने एकेका मजल्यावर जातात, दारांच्या घंटा वाजवितात आणि गोळ्या-चॉकलेटांनी पिशव्या भरून घरी परततात. रात्रीच्या जेवणाबरोबर हा उत्सव संपतो. ज्या देशांतून ही प्रथा आली, तेथे मात्र मुले झोपल्यानंतर त्या रात्रीचा दुसरा भाग सुरू होतो आणि तो प्रौढांचा असतो. आपल्याकडे हा दुसरा भाग उपाहारगृहे आणि क्लबांतील तिकीट लावून होणाऱ्या मेजवान्यांपुरता राहिला. शेजारात तो उतरला नाही.

मुलांची दारोदारची फेरी संपल्यावर मोठ्यांनी एकत्र जागण्याची रात्र मराठी परंपरेत आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर आश्विन पौर्णिमेच्या कोजागरीत सापडते. या रात्रीचे स्वरूप कसे होते आणि माजिवड्यासारख्या उपनगरात तिचा जागर आखूड का झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. हॅलोविन : मुलांची फेरी आणि मोठ्यांची रात्र

हॅलोविन हा मुळात बालोत्सव नव्हता. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतील सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसई परिसरातील ख्रिस्ती समाज त्या दिवशी दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. या दिवसांच्या आदल्या रात्रीशी आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये सुगीच्या अखेरीच्या जुन्या लोकविधींचा संयोग झाला. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीची ‘हॅलोविन’ ही दीर्घ कविता १७८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा विषय गोळ्या मागणारी मुले नसून शेकोटीभोवती जमलेले तरुण-तरुणी हा आहे. ते विस्तवात कवचफळे टाकून, कोबीवर्गीय भाजीचे दांडे उपटून आपल्या भावी जोडीदाराचा अंदाज घेतात. आयर्लंडमध्ये या दिवशी खाल्ल्या जाणाऱ्या मनुकांच्या पावात अंगठी लपविण्याची रीतही याच प्रकारची होय.

मुलांनी दारोदार जाऊन खाऊ मागण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेत रुजली. दुसऱ्या महायुद्धातील साखरेच्या नियंत्रणामुळे ती मंदावली आणि युद्धानंतर सर्वत्र पसरली. १९७४ मध्ये राल्फ ली या मुखवटाकार व बाहुलीकाराने न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज वस्तीत आपली मुले व त्यांचे मित्र यांच्यासाठी घरोघर जाणारी एक फेरी काढली. तिचेच पुढे हजारो प्रौढांच्या वार्षिक रात्र-मिरवणुकीत रूपांतर झाले. मुलांची फेरी शेजारची दारे उघडते आणि उघडलेल्या दारांतून मोठी माणसे बाहेर येतात, हा क्रम या उदाहरणात स्पष्ट दिसतो.

२. भुलाबाई, हादगा, भोंडला : दारोदारची खिरापत

हाच क्रम मराठी दिनदर्शिकेत वेगळ्या रीतीने आढळतो. हॅलोविनमध्ये मृतांचे स्मरण, सुगी, मुलांचा खाऊ आणि रात्रीचे खेळ हे सारे दोन-तीन दिवसांत एकवटले आहे. आपल्याकडे ते सुमारे महिनाभरात विभागलेले आहे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांचे स्मरण, त्यानंतर नवरात्र व दसरा आणि शेवटी आश्विन पौर्णिमा अशी ही मांडणी आहे. या साऱ्या काळात मुलींच्या खेळांचा धागा अखंड राहतो.

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेला भुलोबा-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडतात. खानदेशात हीच गुलाबाई होते. महिनाभर मुली एकमेकींच्या घरी जाऊन गाणी म्हणतात आणि प्रत्येक घरची खिरापत घेतात. कोजागरीला या खेळाची सांगता होते. पश्चिम महाराष्ट्रात सूर्याच्या हस्त नक्षत्रातील प्रवेशापासून सोळा दिवस हादगा चालतो. पुणे-मुंबईकडे तो भोंडल्याच्या रूपाने नवरात्रात होतो. पाटावर हत्तीचे चित्र, त्याभोवती फेर आणि अखेरीस खिरापत, हे त्याचे सर्वपरिचित स्वरूप आहे.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. हॅलोविनचे मूल खाऊ न दिल्यास खोडी काढण्याची लटकी धमकी देते. भोंडल्यातील मुलीला खिरापत ओळखावी लागते. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकविला जातो, गोड की तिखट, ओले की कोरडे असे प्रश्न विचारले जातात आणि त्यानंतरच डबा उघडतो. परक्या घराच्या स्वयंपाकाची ही पहिली ओळख होय. कोणाच्या घरी काय शिजते हे मुलींना ठाऊक होते आणि मुलींमार्फत त्यांच्या आयांनाही.

३. कोजागरीची मध्यरात्र

मुलींची फेरी जेथे थांबते, तेथे मोठ्यांची रात्र सुरू होते. मध्यरात्री लक्ष्मी संचार करीत ‘को जागर्ति’, म्हणजे ‘कोण जागे आहे’, असे विचारते आणि जागणाऱ्यास धन देते, ही कथा सर्वश्रुत आहे. या दिवशी लक्ष्मी आणि ऐरावतावर आरूढ झालेला इंद्र यांची पूजा, नारळपाणी व पोहे यांचे सेवन आणि फाशांच्या खेळाने जागरण असे विधान आहे. द्यूताला एरवी दोष देणाऱ्या परंपरेने या एका रात्री ते व्रताचा भाग मानले, याचे कारण सरळ आहे. जागे राहण्यासाठी मन गुंतवणारे काहीतरी लागते, आणि फासे एकट्याने खेळता येत नाहीत.

या रात्रीची परंपरा प्राचीन आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकांनी एकत्र येऊन करावयाच्या क्रीडांमध्ये यक्षरात्रीच्या जोडीने ‘कौमुदीजागर’ येतो. यशोधराच्या जयमंगला टीकेत तो आश्विन पौर्णिमेचा सांगितला असून झोपाळे व द्यूत हे त्याचे मुख्य खेळ मानले आहेत. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकाच्या तिसऱ्या अंकात चंद्रगुप्त कौमुदीमहोत्सवाची आज्ञा देतो आणि चाणक्य ती परस्पर रद्द करतो. दोघांमधील कृतक कलहासाठी नाटककाराने हाच प्रसंग निवडावा, यावरून राजधानीच्या जीवनात शरद ऋतूतील या उत्सवाला असलेले महत्त्व कळते.

महाराष्ट्रात या रात्रीचे केंद्र आटीव दूध हे आहे. साखर, केशर, वेलची, जायफळ, चारोळी, बदाम व पिस्ते घातलेले दूध चांदण्यात ठेवतात, त्यात चंद्रबिंब पाहतात आणि मग ते वाटतात. त्याच दिवशी घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची रीत आहे. कोकणात ही नवान्न पौर्णिमा असून नव्या भाताचा मान या दिवशी होतो. झोप आणणारे म्हणून ओळखले जाणारे जायफळ जागरणाच्या दुधात पडावे, ही विसंगती गमतीची असली तरी तिचा अर्थ लागतो. दूध हा जागराचा शेवट होता. ते पिऊन झाल्यावर झोपायला हरकत नव्हती. आज दूध हाच कार्यक्रमाचा आरंभ झाला असून त्याबरोबरच कार्यक्रम आटोपतो.

४. माजिवडा : गावठाण, चौक आणि संकुल

मुंबई-नाशिक महामार्गाला जेथे घोडबंदर रस्ता मिळतो, तो माजिवड्याचा चौक. या नावाचे मूळ गाव आजही गावठाणाच्या रूपाने टिकून आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत ते येते आणि माजिवडा-मानपाडा या प्रभाग समितीच्या नावात त्याची खूण आहे. गावठाणाभोवती मात्र बहुमजली संकुलांचे शहर उभे राहिले आहे.

गावातील अंगण आणि चाळीतील गच्ची ही कोजागरीची स्वाभाविक स्थळे होती. तेथे चंद्र दिसे, येणाऱ्यास निमंत्रण लागत नसे आणि झोप आलेले मूल तेथेच सतरंजीवर निजे. टॉवरमध्ये गच्चीला सुरक्षेच्या कारणास्तव बहुधा कुलूप असते. कार्यक्रम पोडियमवर किंवा सभागृहात होतो, जेथे चंद्र इमारतींच्या फटीतून दिसतो किंवा दिसतच नाही. परिणामी जागराचे रूपांतर सभेत होते. व्यासपीठ, सूत्रसंचालन, बक्षीसवाटप आणि कागदी पेल्यातून दूध असा हा क्रम आहे. त्यात बहुसंख्य मोठी माणसे प्रेक्षक असतात आणि दुधाच्या पातेल्याजवळ उभ्या राहणाऱ्या बायका तर प्रेक्षकही नसतात.

दुसरी बाजू अशी की, या संकुलांना कोजागरीसाठी चाळीपेक्षा अधिक अनुकूल असे एक वैशिष्ट्य लाभले आहे. येथे अनेक प्रांतांची कुटुंबे एका जिन्यावर राहतात आणि ही पौर्णिमा त्यांतील अनेकांची आहे. गुजराती घरात शरदपूनमचा गरबा आणि दूधपौंआ असतात. बंगाली घरात याच रात्री लक्ष्मीपूजा होते. मैथिल कुटुंबांत ‘कोजागरा’ असतो. नवविवाहित जावयाकडे सासरहून मखाणे व पान येते आणि कवड्यांचा खेळ मांडला जातो. ओडिया मुली कुमारपौर्णिमा साजरी करतात. फासे, कवड्या आणि दूध यांची ही भाषा सर्वांना समजते. हॅलोविन संकुलात चटकन रुजला, कारण तो कोणा एकाचा नव्हता. कोजागरी त्यांपैकी अनेकांची आहे, परंतु ते शेजाऱ्यांना परस्परांकडून कळलेले नसते.

५. दहाचा नियम आणि जागर

‘रात्री दहानंतर परवानगी नाही, म्हणून जागर होत नाही,’ असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपकास मनाई आहे. निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसांपुरती देता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्रीच्या शांततेचा हक्क अधोरेखित केला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयाने या नियमांच्या अंमलबजावणीस बळ दिले.

हे नियम रुग्ण, वृद्ध, तान्ही मुले आणि विद्यार्थी यांच्या झोपेचे रक्षण करतात. त्यांविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र ते ध्वनिक्षेपकाला थांबवितात, जागण्याला नव्हे. फासे, पत्ते, गप्पा, खालच्या आवाजातील गाणे, चांदण्यात बसणे यांपैकी कशालाही ध्वनिक्षेपक लागत नाही. ज्या जागराचे मंचीय कार्यक्रमात रूपांतर झाले, तोच दहा वाजता संपतो. तेव्हा नियमाने जागर संपविला असे म्हणण्यापेक्षा, जागर आधीच कार्यक्रम बनला होता आणि नियमाने ते उघड केले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

याला पूरक दोन उदाहरणे अलीकडची आहेत. २०२० मध्ये कोजागरी ३० ऑक्टोबरला, हॅलोविनच्या आदल्याच दिवशी आली. महासाथीच्या निर्बंधांमुळे त्या वर्षी मोठ्या सामुदायिक कार्यक्रमांना वाव नव्हता. २०२३ मध्ये अधिक मासामुळे ती २८ ऑक्टोबरला आली आणि त्याच रात्री सुमारे १ वाजून ५ मिनिटांपासून २ वाजून २४ मिनिटांपर्यंत खंडग्रास चंद्रग्रहण दिसले. एका वर्षी एकत्र जमता आले नाही आणि दुसऱ्या वर्षी वेध पाळणाऱ्या घरांत दुधाचा प्रश्न निर्माण झाला. तरी आपापल्या खिडकीतून चंद्र पाहत जागणे दोन्ही वर्षी शक्य होते. दूध आणि कार्यक्रम बाजूला झाले, तरी व्रताचा गाभा शिल्लक राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मुलांची दारोदारची फेरी आणि त्यानंतरची प्रौढांची रात्र ही जोडी हॅलोविनप्रमाणेच मराठी परंपरेतही आहे; खिरापत हा तिचा पूर्वार्ध आणि जागर हा उत्तरार्ध होय. दुसरी, शेजार घडविण्याचे काम हा उत्तरार्धच करतो, कारण तेथे माणसे प्रेक्षक नसतात. तिसरी, त्याच्या ऱ्हासाचे मुख्य कारण कायद्यात नसून त्याच्या मंचीकरणात आहे.

म्हणून हॅलोविनला विरोध करण्याची आवश्यकता नाही. मुलांनी दारे उघडली, हे चांगलेच झाले. आवश्यकता आहे ती वर्षातून एका रात्री जबाबदार देखरेखीखाली गच्चीचे कुलूप काढण्याची, पातेल्याजवळच्या पाळ्या पुरुषांनीही घेण्याची आणि एक पेला फाटकावरील पहारेकऱ्याला नेऊन देण्याची. ‘कोण जागे आहे’ या प्रश्नाला संकुलात दररोज रात्री उत्तरे असतात. रात्रपाळीहून परतलेली परिचारिका, झोप न येणारे एकटे वृद्ध आणि तो पहारेकरी ही त्यांतली काही होत. कोजागरी ही त्यांना एकमेकांची माहिती करून देणारी रात्र आहे.